मागणी: एक दिवा

कस्तुराच्या हातातला पुठ्ठा वारा घालायचा थांबत नव्हता. समोर जमिनीवर तिचा नवरा जयसिंग झोपला होता, रात्रपाळी करून आलेला. वर पत्रा, पत्र्यावर चैत्रातलं भर दुपारचं ऊन. या जागेला घरमालक खोली म्हणतो. भट्टीला दार लावलं की खोली होते. पुठ्ठा थांबला की जयसिंग तळमळायचा, म्हणून ती थांबत नव्हती.

दारात पाहणीवाला साहेब उभा राहिला. पुण्याहून आलेला, कोवळा, बुशशर्ट पाठीला चिकटलेला. त्याच्या मागे घरमालक रंगराव. काळेवाडीतली ही खोल्यांची सगळी ओळ त्याची. सगळ्या खोल्यांना मिळून मीटर एकच, तेही त्याच्या घरात. अंधार पडला की खटका तो वर करणार, झोपायच्या आधी तोच खाली पाडणार. दिवसा ओळ मेलेली.

"या, साहेब, आपलीच मान्सं हायेत," म्हणत रंगराव आधी स्वतःच आत शिरला आणि कस्तुराच्या पत्र्याच्या पेटीवर बसला.

साहेब उंबऱ्याशी टेकला. "ताई, घरोघरी वीज किती लागेल ते आम्ही बघतोय. आज काय आहे ते राहू द्या. उद्या तुमच्या नावाचं मीटर आलं, दिवसभर लाइट राहिली, तर काय काय वापराल? जेवढी मागणी निघेल, तेवढीच लाइन इकडं येणार."

"जरा हळू बोला," कस्तुरा म्हणाली. "नाइट करून आलेत."

"हो, हो." साहेबाने आवाज उतरवला. "दिवे किती?"

"एक."

"इस्त्री? रेडिओ?"

रंगराव हसला. "रेडिओ! आवो, हितं ऐकायला सवड कुनाला हाय? येकेक दिवा दिलाय समद्यांस्नी. खूश हायेत. व्हय का न्हाई, कस्तुरा?"

कस्तुरा पुठ्ठा हलवत राहिली. शेजारच्या शालनबाईने मागच्या महिन्यात विचारलं होतं, मालक, दिवसा खटका चालू ठेवता का, आम्ही पंखा घेतो. नुसतं विचारलं होतं. रंगराव तेव्हाही असाच हसला होता. आठवडा संपायच्या आत शालनबाईची भांडी रस्त्यावर होती.

"पंखा?" साहेबाने विचारलं.

पुठ्ठा अडखळला. जयसिंग कण्हला. कंपनीत त्याच्या बाजूच्या प्रेसवर भिमाजी असायचा. तोही असाच पत्र्याखाली दिवसभर तळमळायचा. एका पहाटे मशीनवर डोळा लागला. प्रेस माणसासाठी थांबत नाही. भिमाजी आता डाव्या हाताने जेवायला शिकतोय.

"पंखा असता तर..." कस्तुरा म्हणाली.

"तर काय गं?" रंगरावाने विचारलं. अगदी मायेनं विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या पेटीवर बसला होता. पेटीत तिचं सगळं घर होतं.

"बोला ना, ताई. नुसतं सांगायचं तर आहे. सांगायला काय पैसे पडतात?"

"नको," ती म्हणाली. "आम्हाला पंख्याची सवय नाही. एक दिवा बास."

"बगा! म्या काय म्हनत हुतो?" रंगरावाने मांडीवर थाप मारली.

साहेबाने मान डोलावली. अख्ख्या ओळीने त्याला हेच सांगितलं होतं. प्रत्येक दारात रंगराव सोबत होता, हे लिहायला त्याच्या कागदावर रकाना नव्हता. आणि त्यालाही असा रकाना नको होता.

"कमाल आहे," तो म्हणाला. "तुम्हा लोकांच्या गरजाच कमी." रुमालाने त्याने मान पुसली. "बाप रे, काय उकडतंय इथं! थांबा, लिहून घेतो."

"आगं, बगतीस काय?" रंगराव म्हणाला. "सायबास्नी वारा घाल की."

कस्तुराने जयसिंगकडे पाठ केली आणि पुठ्ठा साहेबाकडे वळवला. कागदाचे कोपरे फडफडले. साहेबाने ते अंगठ्याने दाबले, डोळे मिटून वारा तोंडावर घेतला, आणि पंख्यापुढे फुली मारली.

"आहाहा," तो म्हणाला. "आता बरं वाटलं."

तिच्या मागे जयसिंग घामाने भिजून उठून बसला होता.

"किती वाजले गं?" त्याने विचारलं.

कस्तुराने मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात चालूच होता.