कुंभ्याखालची माती

"हय खणू नको गो."

संचिताचं खुरपं अर्धं मातीत रुतलं होतं. तिने वर पाहिलं. कुंभ्याच्या झाडाला हात टेकून सासरे, गुरुदास, धापा टाकत उभे होते. खालच्या काजूच्या बागेतून ते धावतच चढून आले असावेत.

"बाबा, हय कधी नांगर लागूक नाय. खत नाय, फवारणी नाय. माका अशीच माती होयी."

ते हलले नाहीत.

कणकवलीच्या कॉलेजात संचिता मातीतले जीवाणू शोधत होती. त्यातल्या एखाद्यापासून नवं प्रतिजैविक मिळेल, या आशेवर. भाताचे मळे, खाडीकाठ, काजूची बाग, सगळीकडची माती तिने नेली होती. हाती लागत ते जुने, ओळखीचेच जीवाणू.

काही वर्षांपूर्वी बाळंतपणात तिच्या आणि बाळाच्याही रक्तात जंतू भिनले होते. कुठल्याच औषधाला ते दाद देईनात. ती कशीबशी वाचली. शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाळाला तिने पाहिलंच नाही. कुठे पुरलं, म्हणून नवऱ्याला खूपदा विचारलं. "विसर आता," एवढंच म्हणून निलेश जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला. घरात ती आणि सासरे उरली. दोघं पावसापाण्याचं बोलत, आंब्याच्या मोहराचं बोलत. त्या दिवसाबद्दल कधीच नाही. हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत बाळाने एकट्यानेच जीव सोडला असेल, हे मात्र तिच्या मनातून हलत नसे. एसटीत खिडकीशी बसली की हमखास आठवे.

"कित्याक नको, बाबा?"

गुरुदास तिच्याजवळ खाली बसले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाळाक मी हयच ठेवलंय."

तिने खुरपं हळूच उपसलं. उकरलेली माती तळव्याने पुन्हा सारखी केली. हात मात्र तिला उचलवेना.

"कोणासारखो होतो तो?"

म्हातारा लगेच बोलला. इतकी वर्षं कुणी विचारील म्हणून जणू थांबलाच होता.

"नाक तुझा. नर्सबायन माका आत घेतल्यान गो. बाळान माझा बोट धरल्यान, ता शेवटपर्यंत सोडूक नाय."