नॉर्मल लिव्हर

“पेशंट हलली आहे. क्लिप पुन्हा काढून पाठवा.”

मोनालीने हे तिसऱ्यांदा लिहिलं आणि लॅपटॉप आपटून बंद केला. सोनोग्राफीची तीच क्लिप. पाठवणारेही तेच, कमळाकर सर.

रविवारी संग्रह सुरू व्हायचा होता. पनवेल, उरण, पेण इथल्या रेडिओलॉजिस्टांनी आपापल्या चांगल्या केसेस एका ठिकाणी टाकायच्या, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरांना त्या कुठूनही बघता येतील. गोष्ट इतकी साधी. ती मोनालीच्या गळ्यात पडली, कारण ती सगळ्यांत लहान. एकाने स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. त्यात गाठीपेक्षा त्याचं टक्कल जास्त ठळक दिसत होतं. दुसऱ्याने एकच मुतखडा चार वेळा पाठवला. तिसरा पेशंटचं नाव पुसायला विसरायचा आणि वर विचारायचा, “एवढं काय त्यात, मॅडम?” नाव, गाव, तारीख, सगळं पुसल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा नियम कमळाकर सरांनीच घालून दिला होता.

रोग सगळ्यांकडे होते. नॉर्मल कुणाकडेच नव्हतं. निरोगी लिव्हर आधी डोळ्यांत बसलं नाही, तर बिघडलेलं ओळखणार कसं? पण निरोगी माणसाची सोनोग्राफी जपून कोण ठेवतो? रिपोर्ट हातात दिला की पुसून टाकायची, हीच सगळ्यांची रीत.

सरांनी पाठवलेलं लिव्हर खरंच देखणं होतं. कडा स्वच्छ, कुठे डाग नाही. पण मध्येच ते गदगदा हलायला लागायचं. ती श्वासाची लय नव्हती, पेशंट हसत होती. शिकवायच्या क्लिपमध्ये हसणं कशाला? मोनालीने पहिल्यांदा नम्रपणे कळवलं, दुसऱ्यांदा जरा कमी नम्रपणे. सरांचं उत्तर नाही. क्लिप मात्र पुन्हा हजर.

शेवटी तिने स्कूटर काढली आणि खांदा कॉलनीतून थेट त्यांचा दवाखाना गाठला. सोनोग्राफी ती इथेच शिकली होती. दारात गोदूबाई फरशी पुसत होत्या.

“आलीस ती बरा झाला, बाय. सर जेवलं नाय अजून. डबा तसाच हाय.”

आत जुनं मशीन भिंतीपासून ओढून ठेवलेलं होतं. कंपनीची माणसं ते दुसऱ्या दिवशी नेणार होती, त्याच्या बदल्यात नवीन येणार होतं. सर त्याच्याच समोर स्टुलावर बसले होते. टेबलावर खानावळीचा डबा.

“सर, ती क्लिप.”

“मिळाली ना?”

“तीनदा मिळाली! सर, पेशंट हसतेय त्यात.”

“हो. हसतेय.”

“मग तेवढा भाग कापून टाकते.”

“कापायचा नाही.”

“मग दुसरी द्या. बाहेर बाकावर एवढे जण बसलेत, एकाचं तरी लिव्हर चांगलं असेल की!”

“त्यांचं? त्यांची शनिवारची संध्याकाळ कुठे जाते ते मला ठाऊक आहे.”

एरवी मोनाली हसली असती. आज तिच्या डोक्यात तिडीक गेली. मोठी माणसं अडून बसतात आणि निस्तरायचं धाकट्यांनी.

“मग हिलाच परत बोलवा ना, सर! पाच मिनिटांचं तर काम. म्हणावं, तेवढा वेळ हसू नका.”

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“कुठून बोलवू?”

मोनालीला कळलं नाही.

“हे मशीन आलं त्या दिवसाची आहे ती क्लिप,” सर म्हणाले. “इंजिनीअर म्हणाला, कुणाला तरी झोपवा, चालवून दाखवतो. रंभा डबा घेऊन आली होती. तिलाच झोपवलं. पोटावर जेल गार लागलं आणि सुटली हसत. मी ओरडलो, हलू नकोस, नीट दिसत नाही. तशी आणखीच हसायला लागली.”

मोनाली उभीच राहिली. शिकत होती तेव्हा रंभाकाकू सरांच्या डब्यात तिच्यासाठी दोन भाकऱ्या जास्त घालायच्या. काकू गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेराव्याला ती स्वतः जाऊन आली होती. आणि त्यांच्या नवऱ्याला ती लिहीत बसली होती, पुन्हा काढून पाठवा म्हणून.

“पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा ना, सर,” ती कशीबशी म्हणाली. “उद्या मशीन गेलं तर...”

“घेतलीय. पण ती मी एकटाच बघतो. आणि मला तिच्यात लिव्हर दिसतच नाही.” त्यांनी मशीनवरून हात फिरवला. “पोरांना दिसेल. त्यांच्या कामाला येईल. पण घ्यायची तर अख्खी घे. नाहीतर राहू दे.”

 मोनालीने डबा उघडला, ताटात वाढलं आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

रविवारी हॉल भरला होता. पडद्यावर पहिलीच क्लिप लागली. कोपऱ्यात एवढंच: स्त्री, ४९, नॉर्मल. लिव्हर शांत दिसलं आणि मग गदगदा हलायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, इथे चित्र हलतंय. मशीनचा दोष आहे का?”

शेवटच्या रांगेत बसलेल्या सरांकडे मोनालीने पाहिलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “पेशंट हसतेय. ते नॉर्मल आहे.”