सदर यंत्र जमा करणेबाबत

शाल्मली गोसावीला अखेर डॉक्टरेट मिळाली, पेढेही वाटून झाले. असो. मिळालीच नाही असं समजून पुढे वाचा, कारण विद्यापीठही तसंच समजून चाललं होतं.

पदवीचा कागद हातात पडायला भांडार विभागाची सही लागत होती, आणि सोमवारी कागद दाखवला नाही तर नाशिकची नोकरी गेलीच. भांडारप्रमुख घोंगडेसाहेब मात्र बोटाला थुंकी लावून तिच्या प्रबंधाची पानं उलटत होते. पाच वर्षांच्या मेहनतीवर तंबाखूचे तपकिरी ठसे उमटत गेले.

"प्रबंधातलं प्रत्येक यंत्र आम्ही रजिस्टरात चढवतो. हे तुमचं कुठंय?"

"सर, ते फक्त कागदावर आहे. पहिली पायरी एका मिनिटात, पुढची अर्ध्या, त्यापुढची पाव मिनिटात. अशा अनंत पायऱ्या दोन मिनिटांत संपतात. कुठल्याच कॉम्प्युटरला ते जमत नाही. असं यंत्र बनूच शकत नाही."

"दोन मिनिटांत सगळं उरकणारं यंत्र घरी ठेवलंत, अन् आम्ही इथं हातानं लिहितोय! बाई, विद्यापीठाची मालमत्ता आहे ती. जमा करा, मग सही."

त्यांनी दाढेखालचा बार दुसऱ्या गालात सरकवला आणि फॉर्म पुढे केला. त्याच्या कोपऱ्यावर ओला डाग होता. तो टाळत, श्वास रोखून शाल्मलीने लिहिलं:

"सदर यंत्र मी तत्काळ जमा करू इच्छिते. तरी त्यासाठी आपल्या विभागाने ते मला आधी उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती."