कार्ड क्रमांक ४१७

“एजंटनं महापौरांना काढून टाकलं,” वेंडल म्हणाला. “आणि माझ्या दोन्ही पोरी जागच्या जागी.”

सोल्विगनं त्याच्या खुर्चीमागून वाकून पाहिलं. खरंच होतं.

पाइन हार्बर नावाचं गाव मिनेसोटाच्या नकाशावर कुठेच नाही. ग्रंथालयांसाठी बनवलेलं आपलं सॉफ्टवेअर तपासून पाहायला या दोघांनी आणि आणखी सहा जणांनी ते वीस वर्षांपूर्वी वसवलं. खोटे रस्ते, खोटा महापौर, नऊशे खोटे वाचक. आणि त्यांच्यात मिसळलेली थोडी खरी माणसं. ऑफिसात कुणाला मूल झालं की पाइन हार्बरच्या ग्रंथालयात त्याच्या नावाचं कार्ड निघायचं. त्या दिवशी वेंडल घरून ट्रेभर लेमन बार्स, लिंबाच्या आंबटगोड वड्या, आणायचा. आठही जण खिडकीशी उभे राहून खायचे. खाली डुलुथच्या बंदरात पूल वर उचलला जायचा, बोट भोंगा द्यायची, आणि नव्या वाचकाचं पहिलं पुस्तक कोणतं यावर भांडण व्हायचं.

आता शुक्रवारी तपासनीस येणार होते. चाचणीच्या माहितीत एकही खरा माणूस सापडता कामा नये, असा नियम होता. काढायचं काम एआय एजंटचं. पण एजंट कोणतं हत्यार, म्हणजे प्रोग्रॅमचं कोणतं बटण, कधी वापरायचं ते त्या बटणासोबतचं वर्णन वाचून ठरवतो, आणि ‘नको असलेले वाचक काढा’ एवढ्या वर्णनावर त्यानं काय केलं ते समोर दिसत होतं.

“महापौर कुणालाच नको असतो म्हणा,” वेंडल म्हणाला.

मार्गो हसली नाही. वर्षभरापूर्वी ती मिनियापोलिसहून या दोघांची साहेब म्हणून आली होती. “जुनी प्रत परत चढवा. सोल्विग, वर्णन तू नव्यानं लिही. आणि तुझ्या लेकाला, एमिललाही सवलत नाही हं. सगळ्यांना एकच नियम.”

“एकच नियम,” सोल्विग म्हणाली.

वेंडल कॉफीच्या कपात पाहत राहिला.

जागेवर येऊन तिनं आधी कार्ड ४१७ उघडलं. एमिल लिंडक्विस्ट. सहाव्या वर्षी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींचं चित्रांचं पुस्तक नेलेलं, ते परत आल्याची नोंद नाही. खरं पुस्तक तसंच घरी खालच्या फळीवर होतं. दर वाढदिवसाला ती या कार्डात भर घालायची. सातव्या वर्षी डायनासोर. अकराव्या वर्षी गाठी मारायचं पुस्तक. तेराव्या वर्षी एका उन्हाळ्यात चौदा भयकथा. सोळाव्या वर्षी गाडी शिकायचं पुस्तक, मुदत तीनदा वाढवलेली. ते पाहून तिला आताही हसू आलं. यंदा एकोणीस. मार्चमध्ये तिनं पत्ता बदलून विद्यापीठाच्या वसतिगृहाचा घातला होता. खोली तळ्याच्या बाजूची.

हे सगळं एका फटक्यात जाणार होतं.

‘४१७ सोडून’ असं तिनं टाइप केलं, क्षणभर पाहिलं आणि खोडलं.

मग तिनं खणातून वेंडलची जुनी फाइल काढली. नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी त्यानं हातानं लिहिलेली, कोपऱ्यांना लोणी लागलेली. पहिल्याच पानावर होतं: कोणतंही बटण समजावताना तीन गोष्टी सांगा. हे काय करतं, कधी वापरायचं, आणि कधी हात लावायचा नाही. तिसरी विसरलात तर लेमन बार मिळणार नाही.

तिनं लिहिलं: ‘वाचकाची नोंद कायमची मिटवतं. आधी नाव कर्मचाऱ्यांच्या दरवर्षीच्या कुटुंबयाद्यांशी ताडून पाहा. माणूस आजच्या यादीत असेल तरच मिटवा. कल्पनेतून रचलेल्या माणसाला हात लावू नका. एखादी नोंद का ठेवली ते स्पष्ट लिहा.’

वेंडलनं ते दोनदा वाचलं. “‘आजच्या’ हवंच का गं?”

“जुन्या याद्यांमध्ये सोडून गेलेलेही असतात.”

त्यानं तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “मग राहू दे. त्यातला एक शब्द बदलू नकोस.”

जेवणानंतर एजंटनं काम सुरू केलं. वेंडलच्या पोरी गेल्या. “चला, दोघींना एकदाचं घराबाहेर काढलं,” तो म्हणाला, पण चष्मा पुसत बसला.

तासाभरानं मार्गो आली. “एकतीस गेले. महापौर सुखरूप. पण तुझा एमिल राहिलाय. वर्णनात कुठंतरी भोक आहे, सोल्विग. नाहीतर तू काहीतरी केलंयस.”

“एजंटनं कारण लिहिलं असेल,” सोल्विग म्हणाली. “वाच ना.”

मार्गोनं खुर्ची ओढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शेवटाकडे ती हळू वाचू लागली.

“‘कार्ड ४१७, एमिल लिंडक्विस्ट. मिटवलं नाही. कुटुंबयादीत हे नाव वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत आहे, पुढे नाही. त्यानंतरची तेरा वर्षं कल्पनेतून रचलेली.’”