चाळीस अंगठे

टरफलातल्या तेलाने बायकांची बोटे भाजू नयेत, म्हणून परशुराममास्तरांनी सहा वर्षे खपून काजू फोडण्याचे हातयंत्र घडविले होते. वेंगुर्ल्याचा हा पाचवा कारखानदार. त्याने ते चालवून पाहिले आणि बाजूला सारले.

"यंत्र बरां आसा, मास्तरांनू. पण बोटां भाजतत ह्यां तुमीच सांगतास. एका तरी बायलेन तक्रार केल्यान काय?"

मास्तरांना आता वादाचाही शीण आला होता. त्याच्याच कारखान्यातील चाळीस बायकांनी अंगठे उठविलेला अर्ज त्यांनी पुढे केला. कारखानदाराने कागद उजेडात धरला, आणि वर्षानुवर्षांच्या तेलाने ज्यांच्या रेघाच खाल्ल्या होत्या, त्या सपाट ठशांवरून नजर फिरविली.

"ह्ये तर नुसते डाग, मास्तरांनू. अंगठे खंय?"