बसून करायचं काम

“काम बसून आहे की उभ्याने?” डॉक्टरांनी विचारलं.

“बसून,” नवरा म्हणाला आणि त्याची डावी पापणी फडफडली.

“दिवसभर खुर्ची सोडत नाहीत हो,” शेजारी बसलेल्या बायकोने दुजोरा दिला. “कंपनीच्या हिशेबखात्यात आहेत ना.”

डॉक्टरांनी त्याच्या तळपायाला टाचणी टोचली आणि कळतंय का, म्हणून विचारलं. त्याने हो म्हटलं, पण तोवर टाचणी डबीत परत गेली होती.

मग डॉक्टरांनी कारणं सांगायला सुरुवात केली. बी-बारा कमी असेल. साखर वाढली असेल. मानेत एखादी नस दबली असेल. थायरॉइड असेल, चहा जास्त होत असेल, झोप कमी होत असेल. रक्त तपासू या. त्यात काहीच निघालं नाही, तर मनावरचा ताण धरायचा.

“तोवर एक करा,” ते म्हणाले. “अधूनमधून खुर्चीतून उठून जरा उभे राहत जा.”

नवऱ्याला हसू आलं. ते त्याने गालातल्या गालात मारलं. सध्या त्याचा धंदाच तो होता.

हिशेबखातं खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. कंपनीने ते गुंडाळलं तेव्हा तो बरेच दिवस डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि बागेत बसून खायचा. मग कपड्यांच्या शोरूममध्ये जागा मिळाली. तिथल्या मालकाला एक कल्पना सुचली होती. दर्शनी काचेत पाच पुतळे, त्यातला एक खरा माणूस. बाहेर पाटी: ‘जिवंत पुतळा ओळखा, खरेदीवर सूट मिळवा.’ आधीचा पुतळा शिंकला म्हणून गेला होता.

नवऱ्याच्या तोंडाला पुतळ्यांच्या रंगाची पावडर फासत आणि त्याच्या अंगावर भारी सूट चढवत. सुटाची किंमत त्याच्या पगाराहून जास्त होती, त्यामुळे सुटासकट बसायला बंदी होती.

एकदा त्याचा जुना सहकारी सहकुटुंब आला. त्याने काचेआत डोकावून सुटाची बाही चाचपली, मग थबकून चेहरा न्याहाळला. बायकोला म्हणाला, “हा पुतळा अगदी आमच्या हिशेबनिसासारखा दिसतो बघ. पण हा जरा हुशार वाटतो.”

नवरा ढिम्म हलला नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण खाली फरशी होती.

आणि आता हे सुरू झालं होतं. आधी पाय बधिर, मग पोटरी उडायला लागली आणि शेवटी पापणी. पोरं काचेला नाक लावून ओरडायची, “हा बघ, हा! डोळा मारतोय!” मालक बाहेर सूट देऊन यायचा आणि आत तोंड सोडायचा.

“पुन्हा कोणी ओळखलं, तर तुझ्या जागी प्लास्टिकचा आणतो,” त्याने बजावलं होतं. “त्याला नसा नसतात.” मग नेहमीप्रमाणे त्याची गाडी समोरच्या दुकानावर घसरली. तिथे काचांना कागद चिकटवून आत काम चाललं होतं. समोरचा आपलं सगळं उचलतो, दिवेसुद्धा आपलेच उचलले, असं मालकाचं म्हणणं होतं.

रक्ताचे रिपोर्ट निर्दोष आले. नवऱ्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट गुन्हा पक्का झाल्यासारखं वाटलं. आता सांगून टाकावं, असं ठरवून तो स्वयंपाकघरात गेला. बायको गॅसपाशी पाठमोरी उभी होती.

“अगं, ऐक ना.”

ती वळली, त्याच्याकडे पाहिलं आणि कपाटातून तेलाची बाटली काढली. “कानामागे काय लागलंय? थांबा. पाण्याने नाही जायचं हे. तेलाने लगेच निघतं.” तिने बोटाने पुसून काढलं. कुठे लागलं, ते विचारलं नाही. तेवढ्यात त्याचं धैर्यही पुसलं गेलं.

ती वाचनालयात कामाला होती. सोमवारपासून तिला नव्या शाखेत जायचं होतं, बाजाराच्या बाजूला. तीही दमून यायची, पाय गरम पाण्यात सोडून बसायची, पण कधी कुरकुर नाही. बाई मानाची नोकरी करते, आणि आपण? त्याने मान खाली घातली.

“पाय बधिर झाला ना, की एक करत जा,” ती म्हणाली. “डावी टाच किंचित उचलायची आणि टेकवायची. मग उजवी. गुडघा हलू द्यायचा नाही. समोरच्याला पत्ता लागत नाही.”

“टेबलाखाली कोण बघतंय?”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“वाचनालयात पुस्तकं असतात, अहो.”

सोमवारी तो काचेत उभा राहिला. डावी टाच, मग उजवी. चमत्कार झाला. पोटरी गप्प, पापणी गप्प. पोरं आली आणि शेजारच्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर बोट ठेवून हरली. मालकाने पहिल्यांदाच त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. नोकरी वाचली होती, बायकोमुळे, आणि तिला ते कधी सांगताही येणार नव्हतं. त्याची लाज दुप्पट झाली.

दुपारी समोरच्या दुकानाचे कागद उतरले. आत बायकांचे झगे, कोट, टोप्या आणि ओळीने उभे पुतळे. वर पाटी चढली: ‘जिवंत पुतळा ओळखा, खरेदीवर सूट मिळवा.’

मालक दारात जाऊन चोर म्हणून ओरडू लागला. नवऱ्याला मात्र वाईट वाटलं. कुणाच्या तरी घरची असेल बिचारी. घरी काय थापा मारून येत असेल? त्याने सरावलेल्या नजरेने एकेक चेहरा तपासला. सगळ्यांना सारखी पावडर, सारखी टोपी. पापणी एकीचीही लवेना.

मग गुलाबी झग्यातल्या पुतळीची डावी टाच किंचित उचलली गेली आणि टेकली. मग उजवी. गुडघा जराही हलला नाही.