सढळ हात

जसोदाबाईंनी सल्फाच्या पुडीची डबी सुकरामच्या पायावर सरळ उपडी केली. जखम दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

सुकराम त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. ऊस तोडताना कोयता घसरला आणि नडगीवर वीतभर जखम झाली. सकाळी दवाखान्यातल्या नर्स सुसानाबाई येऊन सुई टोचून गेल्या होत्या. त्यांनी जखम धुतली, टिपून कोरडी केली, भाकरी थापण्याआधी परातीत पीठ भुरभुरावं तेवढीच पूड टाकली आणि फडकं बांधलं. रोज इतकंच करा म्हणाल्या.

जसोदाबाईंना ती बाई चिक्कू वाटली. तापीकाठच्या त्यांच्या गुजर घरात पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरावेत आणि तूप तरीही बोटांमधून ओघळावं, अशी वाढायची रीत. दोन व्याह्यांना त्यापायी आठवडाभर लंघन करावं लागलं, हे त्या स्वतःच सांगत. अन् आपल्या शेतात सांडलेल्या रक्तावर औषध चिमटीने?

"मोजीसन वाढानी रीत नही शे आमना घरमा," त्या म्हणाल्या आणि आणखी डब्या मागवून रोज ढीग घालत राहिल्या.

पाचव्या दिवशी सुसानाबाई आल्या तेव्हा सुकराम तापाने फणफणला होता. पायावर पुडीचं पांढरं कवच चढलं होतं. उकळून निववलेल्या पाण्याने भिजवत भिजवत त्यांनी ते सोडवलं. खाली पू कोंडला होता. पातेलं धरून बसलेल्या जसोदाबाईंनी तो पाहिला.

"पाय राहील?" त्यांनी विचारलं.

"लाली गुडघ्याकडे चढली नाही, तर राहील."

डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. पट्टीला रोज मीच येईन, असं सुसानाबाई म्हणाल्या. जसोदाबाईंनी नवी डबी मुठीत धरली. नर्सबाईंनी फक्त पुन्हा एकदा दाखवावं, करायचं ते आपण स्वतः करू, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाने हात धुतले, जखम धुतली, टिपली आणि पूड भुरभुरली. खालची कातडी दिसत होती. घराण्याची अब्रूच उघडी पडल्यासारखं त्यांना झालं. सुकराम तर घाबरलाच. आपलं काही चुकलं आणि मालकीणबाई रागावल्या, असा त्याचा समज झाला.

"थोडी आखो टाक ना, माय," तो म्हणाला.

जसोदाबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"नही. पाय वाचाडना शे तुन्हा."

लाली उतरली. ही नवी पट्टी सुरू झाल्यापासून बाविसाव्या दिवशी सुकराम आपल्या पायांनी उसात गेला. तोवर त्याने रोज थोडी जास्त मागितली होती. आणि मागणाऱ्याला आपण ओळीने एकवीस दिवस नाही म्हटलं, हे जसोदाबाई पुढे जन्मभर ताठ मानेने सांगत राहिल्या.